माठ चार्जशीटमध्ये नाही

मी गिरणी कामगार. तीन पाळ्यांत काम करतो आणि मधल्या वेळेत कविता लिहितो. शाळा दहावीपर्यंत, तीही रडतखडत. कायद्याच्या कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. जो काही कायदा मला कळला तो नोटीस बोर्डावर, चार्जशीटच्या कागदात आणि आमच्या बुद्धवाडीतल्या वाचनालयात. म्हणून आज जे लिहितोय ते एखाद्या वकील मित्राला कच्चं वाटेल. वाटू द्या. पण प्रश्न कच्चा नाही.

प्रश्न असा: माणूस चांगला, नियमानं चालणारा, कुणाचा द्वेष न करणारा. तो न्यायाच्या खुर्चीवर बसला. त्यानं नियमाप्रमाणे निकाल दिला. तरीही खरा अन्याय जिथल्या तिथं राहिला. मग त्या माणसाला काय म्हणायचं? आणि आपण काय करायचं?

आधी आमच्या खात्यातली गोष्ट सांगतो. गिरणीचं नाव लिहीत नाही, माणसाचंही नाही.

आमच्या खात्यात पाण्याचा नळ आहे. उन्हाळ्यात त्याला कढत पाणी येतं. म्हणून खात्यातल्या काही जणांनी वर्गणी काढून एक माठ आणला. वर्गणी मागायला आम्हा तिघाचौघांकडे कुणी आलं नाही. ‘तुम्ही पिऊ नका’ असंही कुणी कधी बोललं नाही. आम्ही नळाचं पीत राहिलो. ते माठातलं पीत राहिले. दोन उन्हाळे असेच गेले.

तिसऱ्या वर्षी आपल्यातला एक पोरगा नवा लागला. त्याला हे गणित ठाऊक नव्हतं. मे महिन्याची दुपार, अंगातून पाण्याच्या धारा. त्यानं सरळ माठातून पेला भरला आणि प्याला. कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला आलो तर माठ गायब. गटाराच्या कडेला खापऱ्या पडलेल्या. संध्याकाळपर्यंत नवा माठ आला.

पोरानं विचारलं, ‘जुना माठ कुणी फोडला?’ एक जण हसून म्हणाला, ‘फुटला. मातीचाच होता.’ त्या हसण्यावर पोराचं डोकं फिरलं. त्यानं त्या माणसाला ढकललं. झालं. चार्जशीट आली: कामाच्या जागी सहकाऱ्याशी धक्काबुक्की, शिस्तभंग.

इन्क्वायरीत त्याचा सहकारी म्हणून मी बसलो. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील होते. खरं सांगतो, माणूस सज्जन. आम्हाला खुर्ची दिली. चहा मागवला, सगळ्यांना एकसारख्या कपात. पोराला ‘अहो’ म्हणाले. आम्ही माठाची हकीकत सुरू केली तेव्हा त्यांनी मान खाली घालून ती पूर्ण ऐकली. मग पेन खाली ठेवून म्हणाले, ‘मला तुमचं म्हणणं कळतंय. माणूस म्हणून वाईटही वाटतं. पण माठ चार्जशीटमध्ये नाही. ढकललं की नाही, एवढंच मला बघायचंय.’

ढकललं होतं. आम्ही नाही म्हटलं नाही. चार दिवस बिनपगारी.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, ‘च्या दिला ना त्यानं? आपल्या कपासारक्या कपात दिला ना? मग मानूस बरा व्हता.’ मग थोड्या वेळानं आपणच बोलली, ‘आमच्या गावची इहीर. आमाला कोन कदी नको बोलला नाय. आमीच जात नव्हतो.’

आजीचं हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. कुणी नको म्हटलं नाही. आम्हीच जात नव्हतो. न सांगता जे पाळलं जातं त्याला कोर्टात वहिवाट म्हणतात. आणि वहिवाटीवरचा सगळ्यात मोठा खटला आपल्याच जिल्ह्यात झालाय. महाडचा.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या सगळ्यांना पाठ आहे. २० मार्च १९२७. दरवर्षी आपण एस.टी. भरभरून महाडला जातो, तळ्याच्या पायऱ्या उतरतो, पाणी कपाळाला लावतो. पण सत्याग्रहानंतर दहा वर्षं जो खटला चालला, त्याची गोष्ट आपल्या सभांत एका ओळीत उरकतात: ‘आणि हायकोर्टात आपण जिंकलो.’ ही ओळ खोटी नाही. पण अपुरी आहे. काय जिंकलो आणि काय जिंकायचं राहिलं, हे त्या ओळीत नाही.

क्रम असा आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव आणला की सरकारी खर्चानं बांधलेली किंवा सरकारी देखरेखीखालची पाणवठ्याची, शाळांची, दवाखान्यांची ठिकाणं अस्पृश्यांना मोकळी असावीत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं त्याप्रमाणे आपलं तळं मोकळं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षं कुणी पाण्याला हात लावला नाही. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, जे पुढं मुंबईत लाल बावट्याखाली कामगारांत राहिले, त्यांनी या परिषदेसाठी जिवाचं रान केलं. परिषद तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी पाणी घेतलं. माणसं पांगत असताना अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि आपली माणसं रस्त्यांत, मुक्कामाच्या जागी गाठून गाठून झोडपली गेली. नंतर तळं शेण-गोमूत्रानं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं. तेव्हा सनातनी मंडळींनी लाठी बाजूला ठेवली आणि कागद उचलला. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा टाकला. १४ डिसेंबरला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये.

आता त्या २५ डिसेंबरच्या मंडपात उभं राहून विचार करा. बाबासाहेबांच्या भोवती हजारो माणसं. खेड्यापाड्यांतून चालत आलेली, भाकरी बांधून आलेली, मार्चचा मार अंगावर घेतलेली. कितीतरी जणांनी तुरुंगात जायला नावं दिलेली. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. त्या पुस्तकासाठी कोर्टाचा हुकूम आड येत नव्हता. पण तळ्यासाठी येत होता. कलेक्टरनं येऊन सांगितलं की कोर्टात जा. आणि बाबासाहेबांनी परिषदेला सांगितलं की सत्याग्रह तहकूब करू.

मनुस्मृती जाळणारा माणूस, आणि सबजज्जाचा हुकूम पाळणारा माणूस, एकच. तीन दिवसांच्या आतबाहेर. यात मला कित्येक दिवस विसंगती वाटायची. आमच्या मंडळातले तरुण मित्र तर उघड म्हणतात, ‘तेव्हाच उडी मारायला हवी होती.’ मला आता तसं वाटत नाही. का, ते पुढं सांगतो.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. पण दावा चालूच. महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ ला लागला, दावा फेटाळला. वादी ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ ला तेही फेटाळलं. वादी हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. दहा वर्षं. एका तळ्याच्या पाण्यासाठी.

हायकोर्टात निकाल देणारे दोन न्यायमूर्ती होते, ब्रूमफिल्ड आणि वाडिया. ब्रूमफिल्ड या माणसाचं पूर्ण चरित्र मला कुठं मिळालं नाही. पण त्याच्या नोकरीतल्या तीन तारखा मिळाल्या, आणि त्या तीन तारखांतून मला माझा चौकशी अधिकारी दिसायला लागला.

पहिली तारीख १८ मार्च १९२२. रॉबर्ट ब्रूमफिल्ड, आय.सी.एस., तेव्हा अहमदाबादचे जिल्हा व सत्र न्यायाधीश. समोर आरोपी मोहनदास करमचंद गांधी. ‘यंग इंडिया’तल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला, कलम १२४ अ. गांधींनी गुन्हा कबूल केला आणि वर सांगितलं की मला कडक शिक्षा द्या, नाहीतर राजीनामा द्या. ब्रूमफिल्डनं आरोपीला मान दिला. म्हणाले की आजवर माझ्यासमोर आलेल्यांत आणि पुढं येणाऱ्यांत तुम्ही वेगळे आहात, पण कायदा माणूस बघत नाही. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षं झाली होती, तोच दाखला धरून सहा वर्षं साधी कैद दिली. आणि सरकारनं मुदत कमी केली तर सर्वांत जास्त आनंद मला होईल, असं म्हणाले. चहा, खुर्ची, ‘अहो’. आणि सहा वर्षं. गांधींच्या चळवळीबद्दल आपली मतं वेगळी आहेत आणि राहतील. पण खुर्चीवरच्या माणसाचा स्वभाव इथं ओळखायला मिळतो.

दुसरी तारीख १९२८-२९. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी साराबंदी केली होती. सरकारनं सारा बावीस टक्क्यांच्या आसपास वाढवला होता. चौकशीला दोन अधिकारी नेमले, न्यायखात्याकडून ब्रूमफिल्ड आणि महसूल खात्याकडून मॅक्सवेल. दोघे गावोगाव फिरले, खातेदारांना विचारलं, आणि आपल्याच सरकारचा हिशेब चुकीचा ठरवला. वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणली. म्हणजे हा माणूस सरकारचा नोकर असून सरकारला चूक म्हणू शकत होता. मात्र अट एक. तो प्रश्न त्याच्याकडं रीतसर सोपवलेला हवा. बारडोलीत वाढ बरोबर की चूक हाच प्रश्न सोपवला होता. अहमदाबादला कलम १२४ अ बरोबर की चूक हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरी तारीख आपली. १७ मार्च १९३७. गांधींच्या निकालाला पंधरा वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी.

आता निकालात काय आहे ते नीट बघू. वादींचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. पहिला पाय, तळं खाजगी स्वरूपाचं आहे. तो पाय मोडला, तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं ठरलं. मग उरला दुसरा पाय, वहिवाट. अनादि काळापासून इथं फक्त स्पृश्यच पाणी भरतात, म्हणून अस्पृश्यांना अडवायचा आम्हाला हक्क आहे. मुसलमान त्या तळ्याचं पाणी भरत होते, त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार फक्त आपल्याबद्दल.

वहिवाटीचा कायदा इंग्रजांच्या देशातून आला. तिकडं ‘अनादि’ची सुद्धा तारीख ठरलेली आहे, इ. स. ११८९, पहिल्या रिचर्ड राजाच्या गादीवर येण्याचं साल. आपल्याकडं कोर्टं ते साल धरून बसत नाहीत, पण वहिवाट पुरातन असल्याचं सिद्ध करावं लागतं. कोर्टानं पुरावा तपासला आणि म्हटलं, हल्लीच्या माणसांच्या आठवणीत अस्पृश्य इथं पाणी भरत नव्हते हे खरं असेल, पण त्यावरून अनादि वहिवाट सिद्ध होत नाही. देवळाची गोष्ट निराळी, तिथं देऊळ अमुक लोकांसाठीच बांधलं असा समज लांबच्या वहिवाटीवरून धरता येईल. उघड्या तळ्याबद्दल तसा समज धरता येत नाही. अपील फेटाळलं.

म्हणजे माझी आजी जिंकली. ‘आमीच जात नव्हतो’ एवढ्यावरून तिला अडवायचा हक्क कुणाला मिळत नाही, असं हायकोर्टानं सांगितलं. ही लहान गोष्ट नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची आपली चूप ही आपली संमती नव्हे, हे सरकारी कागदावर आलं.

पण निकालाच्या शेवटी एक परिच्छेद आहे. तो मी चार वेळा वाचला. त्याचा मतलब असा. वहिवाट सिद्ध झाली असती, तर मग ती गैरवाजवी आहे का, लोकहिताच्या विरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. मात्र काटेकोर बोलायचं तर तो मुद्दा खालच्या कोर्टांत मांडलेलाच नव्हता. तळं नगरपालिकेच्या मालकीचं असण्याचा कायद्यानं काय परिणाम होतो, तेही बघावं लागलं असतं. पण मुख्य मुद्द्यावरच निकाल लागल्यामुळं आता या प्रश्नांत शिरण्याची गरज नाही आणि त्याचा काही उपयोगही नाही.

काही उपयोग नाही!

मित्रांनो, दहा वर्षं ज्या प्रश्नासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली तो प्रश्न हाच होता. माणसाला पाण्यापासून हाकलणं वाजवी आहे का? आणि कोर्ट म्हणतं, या प्रश्नात शिरण्याचा उपयोग नाही. आपल्याला पाणी मिळालं. पण ‘तुम्हाला हाकललं हे चूक होतं’ असं कोर्ट बोललं नाही. ते एवढंच बोलले की तुम्हाला पुरेशा जुन्या काळापासून हाकलत आल्याचा पुरावा नाही.

उलट करून बघा. वादींच्या हाती पेशवाईतला एखादा लखोटा लागला असता तर? कागदोपत्री अन्याय आणखी दोनशे वर्षं जुना निघाला असता तर? मग निदान ते दार आपल्यासाठी इतक्या सहज उघडलं नसतं. कसला हा कायदा, ज्यात अन्याय जितका म्हातारा तितका त्याचा मान मोठा! चोरी दोनशे वर्षं चालली म्हणून ती वतन होते का?

इथं माझे दोन मित्र दोन बाजूंनी मला ओढतात.

पहिला म्हणतो, ‘बघ, साहेबाकडंच न्याय मिळाला. आपल्या माणसांनी नसता दिला.’ त्याला माझं उत्तर, महाडचं कोर्ट आणि ठाण्याचं कोर्ट आपल्याच देशातल्या माणसांचं होतं, आणि दोघांनी दावा फेटाळलाच होता. साहेबाची आरती ओवाळायचं कारण नाही. ज्या सरकारचा तो साहेब त्या सरकारनं शंभर वर्षं आमच्या अंगावरची वहिवाट जपली, कारण ती जपण्यात त्याची सोय होती.

दुसरा म्हणतो, ‘सगळी कोर्टं त्यांचीच. कागद जाळ आणि रस्त्यावर ये.’ या मित्राचा राग माझाच राग आहे. पण माझा त्याला प्रश्न आहे. समज, त्या चौकशी अधिकाऱ्यानं चार्जशीटबाहेर जाऊन माठाचा निवाडा दिला असता. आज मला आनंद झाला असता. उद्या दुसरा अधिकारी येईल. तो चार्जशीटबाहेर जाऊन माझ्या कवितांचा निवाडा देईल. ‘हा पोरगा भडक लिहितो, खात्यात असंतोष पसरवतो, कलमात नसलं तरी काढून टाका.’ तेव्हा मी कशाला धरून उभा राहू? तेव्हा मीच ओरडेन, ‘साहेब, कविता चार्जशीटमध्ये नाही!’ दुबळ्याला नियमाचा काच होतो आणि दुबळ्यालाच नियमाचा आडोसा लागतो. ज्याच्या हातात लाठी आहे त्याला नियम लागतच नाही.

म्हणून डिसेंबर १९२७ चा निर्णय मला आता कळतो. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम पाळला तो कोर्ट न्यायी वाटलं म्हणून नाही. आपल्याकडं लाठी नव्हती, फौज नव्हती, सावकाराची थैली नव्हती. उद्या हाच कायदा आपल्या हातात घ्यायचा असेल तर आज तो पायाखाली तुडवून चालणार नाही, असा तो हिशेब मला दिसतो. मनुस्मृतीत दुरुस्तीला जागा नव्हती म्हणून ती जाळली. कोर्टाच्या कायद्यात जागा होती म्हणून तो लढवला. दोन्ही कृत्यांत एकच माणूस आहे, आणि विसंगती नाही.

पण म्हणून ब्रूमफिल्डसाहेब सुटले का? आणि माझा चहा देणारा अधिकारी सुटला का?

हाच प्रश्न तिकडं जर्मनीत एका कायदेपंडिताला पडला होता. गुस्ताव राडब्रुख त्याचं नाव. जन्म १८७८ चा. हायडेलबर्गला प्राध्यापक, मधल्या काळात देशाचा कायदामंत्रीही होता. कायद्यात निश्चितता हवी, न्यायाधीशानं लिहिलेल्या कायद्याप्रमाणे चालावं, असं तो आधी शिकवत असे. १९३३ मध्ये हिटलर आला आणि त्याची नोकरी गेली. बारा वर्षं तो बघत बसला. न्यायाधीश खुर्चीवर बसले होते, दफ्तर नीट होतं, शिक्के जागेवर होते, आणि कायद्यानुसार माणसं मारली जात होती. लढाई संपल्यावर, १९४६ मध्ये, त्यानं एक लेख लिहिला. त्याचं सार असं की कायदा थोडाफार अन्यायी असला तरी तो पाळावा, कारण निश्चिततेलाही किंमत आहे. पण कायदा आणि न्याय यांतलं अंतर सोसण्यापलीकडं गेलं, तर त्या कायद्यानं न्यायापुढं मागं हटावं. आणि जिथं कायदा करतानाच समतेला मुद्दाम लाथाडलं, तिथं त्याला कायदा म्हणायचंच कारण नाही.

समतेला मुद्दाम लाथाडलेला कायदा! हे वाचताना मला हसू आलं. राडब्रुखला हे कळायला हिटलर यावा लागला. माझ्या आजीला ते विहिरीच्या कडेवरच माहीत होतं. फक्त ती प्राध्यापक नव्हती.

तरी राडब्रुखच्या उत्तरात एक गोम आहे. सोसण्यापलीकडं गेलं हे ठरवणार कोण? ज्याला सोसावं लागत नाही, तोच खुर्चीवर बसलेला असतो. ब्रूमफिल्डना पाण्यासाठी कधी कुणाच्या दारात ओंजळ करून उभं राहावं लागलं नाही. त्यांना ‘उपयोग नाही’ असं लिहिताना हात जड झाला नसेल, कारण तहान त्यांच्या घशाला नव्हती. ही त्यांची नीती वाईट होती असं मी म्हणत नाही. त्यांची जागा तशी होती, असं म्हणतो. चांगुलपणा कपात चहा ओततो. पण कपापलीकडचं दिसायला जागा बदलावी लागते.

आणि जागा बदलली. इथंच आपल्या गोष्टीचा खरा शेवट आहे, जो त्या निकालात नाही.

त्या खटल्यातला पहिला प्रतिवादी, ज्याच्या नावानं १४ डिसेंबर १९२७ चा मनाई हुकूम निघाला होता, तोच २९ ऑगस्ट १९४७ ला घटनेच्या मसुदा समितीवर नेमला गेला आणि तिचा अध्यक्ष झाला. घटनेचं कलम १७ आपण सगळे म्हणतो, अस्पृश्यता नष्ट. कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावं घेऊन लिहिलंय की जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. ते वाचताना मला तरी चवदार तळंच दिसतं. पण माझ्या मते खरं उत्तर कलम १३ मध्ये आहे, जे आपल्या सभांत कुणी म्हणत नाही. त्यात लिहिलंय की मूलभूत हक्कांशी जेवढा विरोध असेल तेवढा आधीचा कायदा रद्द. आणि ‘कायदा’ म्हणजे काय, तर त्यात रूढी आणि वहिवाटसुद्धा येते.

वहिवाटसुद्धा! मग ती पाच वर्षांची असो की पाच हजार वर्षांची. पेशवाईचा लखोटा आणा, नाहीतर ताम्रपट आणा. ११८९ साल आणा. वय विचारायचंच नाही. समतेच्या आड येते का, एवढंच विचारायचं. ‘या प्रश्नात शिरण्याचा उपयोग नाही’ असं म्हणून १९३७ मध्ये जो प्रश्न बाजूला ठेवला गेला, तो २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक न्यायाधीशाच्या टेबलावर आहे. आता त्याला तो टाळून मोकळं होता येत नाही. चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहायला नको म्हणून प्रश्नच कायद्यात लिहून टाकला.

मला वाटतं, नीतीच्या प्रश्नाचं एक उत्तर इथं मिळतं. न्यायाधीश नियमाबाहेर जात नाही हा त्याचा दोष नाही. दोष तेव्हा आहे, जेव्हा तो नियमाच्या कडेपर्यंत सुद्धा जात नाही. ब्रूमफिल्डना लिहिता आलं असतं की हा मुद्दा आमच्यापुढं नाही, पण असता तर माणसाला पाणी नाकारणारी वहिवाट वाजवी कशी ठरवावी हे आम्हाला कळत नाही. एका ओळीचं काम होतं. सहा वर्षं शिक्षा देताना मुदत कमी झाली तर आनंद होईल, हे त्यांनी निकालाबाहेर जाऊन म्हटलंच होतं ना? महाडला ती एक ओळ आली नाही. माझ्या चौकशी अधिकाऱ्यालाही रिपोर्टाच्या तळाशी लिहिता आलं असतं, ‘भांडणाचं कारण पाण्याच्या माठाबाबतचा भेदभाव असल्याचं कामगाराचं म्हणणं आहे, व्यवस्थापनानं स्वतंत्र चौकशी करावी.’ नियम मोडला नसता. फक्त कडेपर्यंत जाणं झालं असतं.

आणि दुसरं उत्तर आपल्यासाठी. प्रश्न कोर्टात मांडलेला नसेल तर कोर्ट तो बघत नाही. मग मांडायचं काम कुणाचं? न्यायाधीशाच्या हृदयपरिवर्तनाची वाट बघणं हे आपलं काम नाही. आपलं काम प्रश्न कागदावर आणायचं. मोर्चा काढू तेव्हा काढू. पण मोर्चा पांगल्यावर मागं जे राहतं ते दफ्तर. आपली पोरं घोषणा फार छान देतात आणि अर्ज फार वाईट लिहितात. माझंही तेच होतं. इन्क्वायरीत माठाची गोष्ट मी तोंडी सांगितली. लेखी जबाबात लिहिलीच नव्हती. वाटलं, सगळ्यांना माहीतच आहे. माहीत सगळ्यांना असतं. म्हणून तर कुणी लिहीत नाही.

शिक्षेविरुद्ध आम्ही वर अपील केलं. दुसऱ्या पाळीनंतर, रात्री, पोराच्या घरी बसून लिहिलं. पहिलंच कलम माठाचं. खात्यात थंड पाण्याची सोय कंपनीनं का केली नाही? वर्गणी कुणाकडून घेतली, कुणाकडून नाही? जुना माठ कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत फुटला? आम्हाला ठाऊक होतं की ते काय म्हणणार. ‘माठ वर्गणीचा, खाजगी.’ महाडचे वादीही हेच म्हणाले होते, तळं खाजगी. म्हणून तेही आधीच लिहिलं: माठ वर्गणीचा असेल, पण खातं कंपनीचं आहे.

साहेबांनी अर्ज वाचला. पहिल्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, ‘याचा इथं काय संबंध? हे काढून दुसरा अर्ज द्या.’

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, ‘साहेब, काढणार नाही. तुम्ही फेटाळा. पण फाईलला लावा, आणि पोच द्या.’

त्यांनी थोडा वेळ आमच्याकडं बघितलं. मग शिक्का मारून पोच दिली. या वेळी चहा मागवला नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. खात्यात माठ आहे तिथंच आहे. पोरगा चार दिवसांचा पगार गमावून कामावर येतो आणि रोज दुपारी सगळ्यांदेखत त्याच माठातून पाणी पितो. त्यानंतर माठ फुटलेला नाही.

जय भीम.